मण्यांची माळ खरी की ग्रिडची? वायूच्या पापुद्र्यांतून दीर्घिका घडवणाऱ्या एका सिम्युलेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

आद्य विश्वात दीर्घिका कशा घडल्या यावर काम करणाऱ्या एका छोट्या संशोधन गटातलं हे प्रकरण आहे. संस्था, माणसं आणि प्रबंधाचं शीर्षक गाळलं आहे. रनचे, म्हणजे सिम्युलेशन एकेकदा चालवल्याचे, आकडे मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळी मेख त्या आकड्यांतच आहे. गटाचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, मी सांभाळतो. त्यामुळे कोणता जॉब कधी लागला आणि कशासाठी लागला याची नोंद माझ्याकडे होती, आणि त्यांच्या साप्ताहिक बैठकीतही मी बसत असे.

आधी थोडं भौतिकशास्त्र. 1970 मध्ये मॉस्कोच्या याकोव्ह झेल्डोविच यांनी एक साधी पण दूरगामी गोष्ट दाखवली. विश्वातला एखादा मोठा, किंचित दाट भाग स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो तेव्हा तो सगळीकडून सारखा आत येत नाही. तीन परस्परलंब दिशांपैकी एका दिशेत आकुंचन सर्वांत जोरात असतं, आणि त्या दिशेने तो भाग आधी चपटा होतो. त्यातून तयार होतो तो पापुद्रा. मग दुसऱ्या दिशेने कोसळून तंतू होतो आणि शेवटी तिसऱ्या दिशेने गाठ. त्याच वर्षी दोरोश्केविच यांनी हिशोब मांडला की सुरुवातीचे चढउतार यादृच्छिक असतील, तर तिन्ही दिशांनी आकुंचन पावणारं द्रव्य अवघं 8 टक्के असतं, आणि किमान एका दिशेने आकुंचन पावणारं 92 टक्के. पापुद्रे हा अपवाद नाही, नियम आहे.

या कल्पनेचे दिवस एकदा फार चांगले आले होते. 1980 मध्ये मॉस्कोतल्याच एका प्रयोगगटाने न्यूट्रिनोला सुमारे 30 इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमान असल्याचा दावा केला. हलके, वेगवान न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य, असेल तर लहान चढउतार पुसले जातात, आधी प्रचंड पापुद्रे बनतात आणि ते तुटून दीर्घिका होतात. तो दावा टिकला नाही. शिवाय 1983 मध्ये व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांच्या सिम्युलेशनने दाखवलं की अशा विश्वातल्या दीर्घिका प्रत्यक्षात दिसतात त्यापेक्षा फारच जास्त एकवटलेल्या असतील. मग शीत, म्हणजे संथ कणांचं, कृष्णद्रव्य आलं आणि क्रम उलटला: आधी लहान गोळे, मग मोठी रचना. तरी पापुद्रे गेले नाहीत. मोठ्या अंतरांवर ते आहेतच, आणि त्यांत वायू साठतो.

आपल्या प्रकरणातल्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे सुरू होतो. पापुद्र्यातला वायू थंड होऊन जागच्या जागी तुटतो आणि त्यातून लहान दीर्घिका होतात, की तो आधी वाहत तंतूंकडे आणि गाठींकडे जातो आणि तिथेच दीर्घिका घडतात?

शीत कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमध्ये हे सुटं करून पाहणं अवघड असतं, कारण पापुद्रा बनेपर्यंत त्यात आधीच असंख्य लहान हेलो, म्हणजे कृष्णद्रव्याचे गोळे, शिरलेले असतात. म्हणून तिने सुरुवातीच्या चढउतारांना एक कट-ऑफ लावला. सुमारे 3 मेगापार्सेक, म्हणजे साधारण एक कोटी प्रकाशवर्षं, या लहरलांबीवर चढउतार सर्वांत जोमदार, त्याखाली झपाट्याने विरत जाणारे. हा कट-ऑफ मुद्दाम अतिरंजित होता. दूरच्या क्वेसारांच्या (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) वर्णपटातल्या हायड्रोजनच्या लायमन-अल्फा रेषांवरून 2013 मध्येच उबदार, म्हणजे शीत आणि वेगवान यांच्या मधल्या, कृष्णद्रव्याच्या कणाला किमान 3.3 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची मर्यादा लागली होती. हा कट-ऑफ त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर पडतो. पण हेतू आपलं विश्व हुबेहूब उभं करण्याचा नव्हताच. स्वच्छ पापुद्रा मिळवायचा आणि त्याचं काय होतं ते बघायचं, एवढाच होता.

अडचण

सिम्युलेशनच्या घनाकृती बॉक्सची बाजू 20 मेगापार्सेक, म्हणजे साडेसहा कोटी प्रकाशवर्षं. कण 256 घन, म्हणजे सुमारे 1 कोटी 68 लाख, आणि तितकेच वायूचे सेल, म्हणजे वायूचा हिशोब ठेवणारे कप्पे. वायूचा वाटा धरून एका कणाच्या वाट्याला अंदाजे 1 कोटी 90 लाख सूर्यांइतकं वस्तुमान. सुरुवात रेडशिफ्ट 99 ला (रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश किती ताणला गेला याचं माप; आकडा मोठा तितका काळ जुना), शेवट रेडशिफ्ट 3 ला, जेव्हा विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या थोडं पुढे असतं.

रेडशिफ्ट 4 चा स्नॅपशॉट पडद्यावर आला तेव्हा खोलीतले सगळे खूश झाले. बॉक्सच्या मधोमध एक भलामोठा पापुद्रा, त्यात तंतूंचं जाळं, आणि प्रत्येक तंतूवर ओळीने छोटे गोळे. अगदी मण्यांची माळ. गोळ्यांत वायू जमला होता, तारेही बनले होते. "पापुद्रा तुटून दीर्घिका" हे वाक्य गोषवाऱ्यात जवळजवळ लिहून झालं होतं, आणि परिषदेला गोषवारा पाठवायची तारीख तोंडावर होती.

शंका काढली ती गटातल्या पोस्ट-डॉकने, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्याने. "हे मणी इतके सारख्या अंतरावर कसे गं?" एवढंच त्याने विचारलं. तिने तिथेच एका लांब तंतूवरची अंतरं मोजली. प्रसरण काढून टाकून पाहिलं तर मणी 80 ते 90 किलोपार्सेकवर होते. बॉक्सची बाजू भागिले 256 केलं तर 78 किलोपार्सेक येतात. सुरुवातीला ग्रिडवर, म्हणजे सारख्या अंतरांच्या जाळीवर, कण मांडले तेव्हा दोन शेजारी कणांमधलं अंतरही तेवढंच होतं.

आकडे जुळले म्हणून प्रकरण मिटलं असं नाही. मार्गदर्शकांचं म्हणणं होतं की हा योगायोग असू शकतो. पापुद्रा स्वतःच्या गुरुत्वाने तुटतो तेव्हाही तुकडे ठरावीक अंतरावरच पडतात. स्थिर तापमानाच्या, स्वतःच्या गुरुत्वाने बांधलेल्या सपाट थरात सर्वांत वेगाने वाढणारी लहर त्याच्या जाडीच्या साधारण डझनभर पट लांब असते, हे पाठ्यपुस्तकातलं गणित आहे. नियमित अंतर हा नुसता दोष नसतो, खऱ्या भौतिक प्रक्रियेची खूणही असते. मला हा आक्षेप तेव्हाही रास्त वाटला होता, आजही वाटतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात आपोआप येणारा: कण वाढवा. 512 घन केले की कण आठपट, आणि वेळेच्या पायऱ्याही साधारण दुप्पट, म्हणजे खर्च सोळापट. गटाला वर्षाला मिळणाऱ्या कोअर-तासांचा, म्हणजे क्लस्टरच्या वेळेचा, मोठा हिस्सा एका रनमध्ये जाणार होता.

दुसरा पर्याय उलटा: कण कमी करा. 128 घन, खर्च सोळावा भाग, एका रात्रीत निकाल. पण कमी रिझोल्युशनचा रन करायला कुणालाच हुरूप नसतो. त्याचं चित्र कुठे छापता येत नाही.

तिसरा, गुरुत्वाचं सॉफ्टनिंग वाढवून मणी दाबून टाकायचे. जवळ आलेल्या कणांमधलं बल मवाळ करण्याची ही युक्ती असते. सॉफ्टनिंग कणांमधल्या अंतराएवढं मोठं केलं तर मणी जातात, पण त्यासोबत खरे हेलोही पातळ होतात. हा पर्याय लगेच बाद झाला.

चौथा, सुरुवातीची मांडणी ग्रिडऐवजी ग्लास पद्धतीची घ्यायची. ग्लासमध्ये कण एकसारखे पसरलेले असतात, पण ओळींत नसतात. पाचवा, कणांना सुटे ठिपके न मानता अवकाशात दुमडत जाणारी सलग चादर मानायची आणि ती चतुष्फलकांत कापायची, ही 2012 नंतर पुढे आलेली पद्धत. ती या दोषावर मुळापासून तोडगा काढते, पण त्यासाठी गटाचा कोडच बदलावा लागला असता. पीएचडीच्या चौथ्या वर्षात तो उद्योग कोणी करत नाही.

काय केलं

निर्णय पहिल्या पर्यायाचा झाला. "रिझोल्युशन वाढवून बघ, मग बोलू," असं मार्गदर्शक म्हणाले. "सर, मागच्या रनच्या सोळापट वेळ लागेल," असं तिने सांगून पाहिलं. जॉब लागला.

निकाल आला तो गोंधळ वाढवणारा. मणी गेले नाहीत, उलट दुपटीच्या आसपास झाले, आणि प्रत्येकाचं वस्तुमान कमी झालं. पण कणाचं वस्तुमान आता सुमारे 23 लाख सूर्यांइतकंच असल्यामुळे आधी शे-दीडशे कणांचा असलेला मणी आता सहा-सातशे कणांचा दिसायला लागला. या क्षेत्रात 20, 32 किंवा फार तर 100 कणांच्या वरचा हेलो विश्वासार्ह धरायची रीत आहे. त्या मापाने हे मणी आधीपेक्षा जास्त पक्के झाले होते. बैठकीत यावर जवळजवळ शिक्कामोर्तब झालं की वाढत्या रिझोल्युशनने आणखी लहान दीर्घिका उघड केल्या.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच. शीत कृष्णद्रव्याच्या सिम्युलेशनमध्ये असा निष्कर्ष बहुधा बरोबर ठरला असता. तिथे लहान रचना खरोखर असतात, आणि कण वाढवले की त्या दिसू लागतात. कट-ऑफ असलेल्या सिम्युलेशनमध्ये त्या मापाचे चढउतार मुळात घातलेलेच नसतात. मग मणी आले कुठून?

पोस्ट-डॉकने 2007 मधला वांग आणि व्हाइट यांचा निकाल समोर ठेवला. कट-ऑफ असलेल्या सिम्युलेशनमध्ये तंतू कणांच्या सरासरी अंतरावर तुटतात, आणि हे तुटणं कणांच्या सुटेपणातून येतं, भौतिकीतून नाही. तंतू दोन दिशांनी कोसळलेला असतो पण लांबीच्या दिशेने अजून जवळपास तसाच ताणलेला असतो. त्या दिशेत ग्रिडचा एकेक थर सुटा राहतो, आणि गुरुत्वाला तेवढी असमानता पुरते. या खोट्या गोळ्यांच्या वस्तुमानाची वरची मर्यादाही त्यांनी दिली होती: विश्वाची सरासरी घनता, गुणिले कणांमधलं अंतर, भागिले कट-ऑफच्या तरंगांकाचा (2π भागिले लहरलांबी) वर्ग, आणि या सगळ्याला 10.1 ने गुणायचं. आपल्या बॉक्ससाठी 256 घनला ही मर्यादा अंदाजे 770 कोटी सूर्य, म्हणजे चारशेच्या वर कण. 512 घनला 385 कोटी सूर्य, म्हणजे साडेसोळाशे कण.

मर्यादा वस्तुमानात निम्मी झाली, कणांच्या संख्येत मात्र चौपट झाली. आठपट कणांना निम्मा फायदा! "शंभर कण म्हणजे पक्कं" हा नेहमीचा आडाखा इथे नुसता चुकत नाही, जितका खर्च वाढवावा तितका जास्त चुकतो.

मग तिने बैठकीत न विचारताच दोन स्वस्त रन लावले. एक 128 घनचा, त्याच यादृच्छिक बीजांवर, म्हणजे पापुद्रा आणि तंतू तेच आणि तिथेच. मण्यांमधलं अंतर दुप्पट झालं. दुसरा 256 घनचाच, फक्त वायूच्या तापमानाची तळमर्यादा चौपट केलेला. ध्वनीचा वेग त्यामुळे दुप्पट होतो. मणी वायूच्या दाबाने आणि गुरुत्वाने ठरत असते तर त्यांचं अंतर वाढायला हवं होतं. ते हललं नाही. मार्गदर्शकांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं ते या दुसऱ्या रनमधून, पहिल्यातून नव्हे. ग्लास मांडणीचा रनही नंतर झाला: मणी ओळीतून जरा इकडेतिकडे सरकले, सरासरी अंतर तेच राहिलं. ग्रिड सोडली म्हणून सुटेपणा सुटत नाही.

शेवटची शंका एका साध्या स्क्रिप्टने फिटली. तिने एकेका मण्यातल्या कणांचे आयडी घेतले आणि सुरुवातीच्या फाईलमध्ये ते कण कुठे होते ते रेखाटलं. खऱ्या हेलोचे कण मागे नेले की एक ओबडधोबड, पण सगळ्या बाजूंनी जाड ढेकूळ मिळतो. मण्यांचे कण मागे नेल्यावर तंतूला आडव्या चकत्या मिळाल्या, बऱ्याचशा ग्रिडच्या एक-दोन थरांएवढ्याच जाड. तो आलेख पाहिल्यावर बैठकीत कुणी वाद घातला नाही.

तारे बनल्याचं काय? तारे बनवणारा सबग्रिड नियम, म्हणजे सेलपेक्षा लहान गोष्टींसाठी घातलेला ठोकताळा, घनतेवर चालतो. दर घन सेंटिमीटरला साधारण 0.1 अणूच्या वर वायू गेला की तो तारे पाडायला लागतो. खोट्या गोळ्याचं गुरुत्वही वायूला खेचतं, त्यामुळे खोट्या हेलोत ताऱ्यांनी भरलेली, दिसायला देखणी दीर्घिका तयार होते. माझ्या मते या प्रकरणात लोकांना सर्वांत जास्त भुलवलं ते या ताऱ्यांनी. नुसत्या कृष्णद्रव्याच्या गोळ्यांवर एवढा जीव कुणाचा जडला नसता.

दुसरं वळण: वायू

खोटे हेलो गाळायला 2014 मध्ये लव्हेल आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली चाळणी वापरली. वरच्या मर्यादेच्या निम्म्याखालचं सगळं बाद. शिवाय ज्याच्या मूळ आकाराचा सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब अक्ष यांचं गुणोत्तर 0.16 पेक्षा कमी तेही बाद. आयडी हाताशी होते, त्यामुळे या कामाला क्लस्टरचा वेळ जवळपास लागलाच नाही.

चाळणीनंतरही पापुद्र्यात काही वायूचे ढग उरले. त्यांच्याखाली कृष्णद्रव्याचा गोळा नव्हताच. हे तरी खरे का?

इथे कसोट्या दोन. पहिली गुरुत्वाची. ट्रूलव्ह आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये घालून दिलेला नियम असा की जीन्स लांबीत (ज्याहून मोठा वायूचा भाग स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो ते माप) किमान चार सेल बसले पाहिजेत, नाहीतर वायू खोटा तुटतो. रेडशिफ्ट 4 ला सरासरीच्या शंभरपट दाट, 10,000 केल्व्हिनच्या वायूची जीन्स लांबी सुमारे 35 किलोपार्सेक भरते, आणि 512 घनच्या रनमध्ये तिथला सेल दोन किलोपार्सेकच्या आत होता. कसोटी आरामात पास. म्हणजे हे ढग गुरुत्वाच्या चुकीने तुटलेले नव्हते.

दुसरी कसोटी थंड होण्याची. पापुद्र्यावर आदळणारा वायू धक्क्याने तापतो आणि मग झपाट्याने थंड होतो. थंड होत असताना ध्वनी जेवढं अंतर कापू शकतो तेवढ्या मापाचे तुकडे पडू पाहतात, आणि या घनतेला ते माप काहीशे पार्सेक किंवा त्याहूनही कमी येतं. आपला सेल त्यापेक्षा कितीतरी मोठा. ढग बनण्याची प्रक्रिया खरी असेल, पण त्यांचा आकार, संख्या आणि वस्तुमान सेल ठरवत होते. 2021 मध्ये मँडेल्कर आणि सहकाऱ्यांनी रेडशिफ्ट 3 ते 5 दरम्यानचा एकच पापुद्रा झूम करून, वायूच्या सेलचं वस्तुमान 77 लाखांपासून 15 हजार सूर्यांपर्यंत खाली नेऊन पाहिला होता, आणि सर्वांत बारीक रनमध्येही तटस्थ हायड्रोजनचं प्रमाण आणि मांडणी स्थिरावली नव्हती. जिथे त्यांचं स्थिरावलं नाही तिथे 512 घनच्या बॉक्समधून ढगांचं वस्तुमान सांगणं म्हणजे धाडसच.

मार्गदर्शकांना हे ढग "दीर्घिकांचे उमेदवार" म्हणून ठेवायचे होते. विद्यार्थिनीने या वेळी ठाम नकार दिला. बरीच चर्चा होऊन प्रबंधात ते "न सुटलेला थंड वायू" या नावाने गेले, वस्तुमानाचा आकडा न देता.

निष्पत्ती

गोषवारा वेळेत गेला, पण शीर्षक बदलून. पापुद्र्यातल्या दीर्घिकांऐवजी विषय झाला पापुद्र्यातून गाठींकडे जाणारा वायू. मर्यादेच्या वरचे जे हेलो उरले ते मूठभर होते, जवळपास सगळे तंतूंच्या गाठींवर, आणि तिन्ही रिझोल्युशनमध्ये त्याच जागी, जवळपास त्याच वस्तुमानाचे. त्यांच्यातला वायू मागे नेऊन पाहिला तर बहुतेक आधी पापुद्र्यातून आणि मग तंतूतून आलेला दिसला. जागच्या जागी तुटून दीर्घिका झाल्याचा, कसोटीला उतरणारा एकही दाखला मिळाला नाही. कोणता भाग पापुद्रा आणि कोणता तंतू हे डोळ्यांनी न ठरवता शेपफाइंडर्सनी ठरवलं. चपटेपणा आणि तंतूपणा मोजणारी ही मापं 1998 मध्ये वरुण साहनी, बी. एस. सत्यप्रकाश आणि सर्गेई शांदारिन यांनी मांडली. साहनी पुण्याच्या आयुकातले, ही आपल्याकडची जवळची ओळख.

वेगळं काय करता आलं असतं

128 घनचा रन पहिल्याच आठवड्यात व्हायला हवा होता. मार्गदर्शक अजूनही म्हणतात की मोठा रन वाया गेला नाही, कारण अंतर कणांच्या मागे जातं हे दाखवायला तीन बिंदू लागतात. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते. हे खरं आहे. पण मग क्रम उलटा हवा होता. 128 आणि 256 ची जोडी हातात असती तर 512 चा रन चाळणी सोबत घेऊन, ताऱ्यांचा नियम बंद ठेवून करता आला असता, आणि तेवढ्याच तासांत पापुद्र्याचा एखादा भाग झूमही झाला असता.

तापमानाचा रन मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रिझोल्युशन बदललं की बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात आणि निकालाचा अर्थ हवा तसा लावता येतो, जसा 512 च्या बाबतीत लागला. भौतिकी बदलून रिझोल्युशन तसंच ठेवलं की पळवाट उरत नाही. हा रन तिच्या डोक्यात सुरुवातीपासून होता असं तिने नंतर सांगितलं. बैठकीत मांडला नाही, कारण मुद्दाम चुकीच्या तापमानाचा रन मागणं तिला विचित्र वाटलं.

हेलो शोधणाऱ्या प्रोग्रामची 32 कणांची मर्यादाही कुणी तपासली नव्हती. ती मूळ फाईलमध्येच होती आणि शीत कृष्णद्रव्यासाठी लिहिलेली होती. आता गटाच्या पॅरामीटर फाईलमध्ये कट-ऑफचा तरंगांक भरल्याशिवाय तो प्रोग्राम चालत नाही. मर्यादा तो स्वतः काढतो आणि त्याखालचे हेलो वेगळ्या यादीत टाकतो.

तिने पुढच्या वर्षासाठी मागितलेले कोअर-तास मागच्या मोठ्या रनपेक्षा कमी आहेत. एकच पापुद्रा, त्यातला दोन गाठींमधला पट्टा, तारे बंद, आणि वायूचे सेल तीन वेगवेगळ्या मापांचे, सर्वांत जाड माप आधी.